जळाईच्या माळावरची रेघ

होळीला अजून पंधरा दिवस होते, तरी जळाईच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. निलंग्याहून येणारी दुपारची एसटी धामणदऱ्याच्या फाट्यावर थांबली की अर्धी रिकामी व्हायची. बैलगाड्या, सायकली, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, डोईवर पदर ओढलेल्या बाया, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. माळाच्या माथ्यावर पत्र्याची शेड होती आणि शेडीपुढं भगव्या कफनीत अंगार महाराज बसले होते.

महाराजांपुढं मातीचं कुंड. त्यात कापूस, काटक्या आणि वर चिमूट-दोन चिमूट काळसर जांभळी पूड. तिला ते ‘आईचं कुंकू’ म्हणत. काडी नाही, पेटी नाही. महाराजांनी डोळे मिटले.

“ओम ऱ्हीम ज्वालामुखी, जळाई महामाई! पाताळ तोड, आभाळ फोड, ढगाचं दार उघड! लातूर जिल्ह्यावर कृपा कर, निलंगा तालुक्यावर जास्त कर, धामणदऱ्यावर सगळ्यात जास्त कर!”

मग पळीभर तीर्थ त्या पुडीवर. गर्दी श्वास रोखून थांबली. एक बारीक धुराची शेंडी वर आली, आणि भप्पकन जांभळट जाळ उठला. पाणी टाकलं आणि आग लागली! “जळाई माते की जय” म्हणून माळ दणाणला.

“तीन सालं आई रुसली,” महाराज म्हणाले. “पाऊस न्हाई. कामून न्हाई? आईला धूर पाहिजे. होळीला सगळा माळ आईला द्या. धूर आभाळात जाईल, धुराचे ढग होतील. अन् आग कुठं थांबायची ते आईला ठाऊक हाय.”

असं म्हणून त्यांनी शेडीभोवतीच्या चुना लावलेल्या दगडांच्या ओळीकडं बोट केलं. ती ‘आईची रेघ’. दर होळीला गाव माळ पेटवायचं, आग सगळा माळ खात यायची आणि या रेघेपाशी येऊन विझायची. सरपंच धोंडप्पा पाहुण्यांना शपथेवर सांगत होते, “माझ्या डोळ्यानं बघितलो की! आग आली, दगडाला टेकली, अन् लेकरागत निजली.”

या गर्दीत हाताची घडी घालून, ओठाच्या कोपऱ्यातून हसत अण्णाराव मास्तर उभे होते. मास्तर मूळचे लोह्याचे, नांदेड जिल्ह्यातले. गेल्या जूनमध्ये धामणदऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं होत आली होती, पण शाळेचा शिक्का अजून उस्मानाबादचाच होता. मास्तर रोज उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहीत आणि एकूण आपल्याशिवाय या गावाला सुधारणारं कुणी नाही, असं त्यांचं मत होऊन बसलं होतं. आता स्वतःच ही गोष्ट सांगताना ते म्हणतात, “माळावर त्या दिवशी दोन बाबा होते. एक कफनीतला, एक कोटातला.”

कुंडाची भानगड त्यांनी मात्र तिथल्या तिथं ओळखली. जांभळी पूड म्हणजे विहिरीत टाकायला दवाखान्याचा माणूस आणतो तीच, परमँगनेट. आणि तीर्थ म्हणजे तोंड आलं की गालाला लावतात ते ग्लिसरीन. दोन्ही एकत्र आली की पाच-पंधरा सेकंदांत पेट घेतात. कुणाच्याही हातानं घेतात.

मास्तरांनी निलंग्याच्या औषधाच्या दुकानातून दोन्ही आणलं आणि घरी तालीम केली. तालीम उत्तम झाली. बायकोच्या नव्या सतरंजीला वाटीएवढं भोक पडलं.

“बाबाचं बिंग फुटंल तवा फुटंल,” तारामती म्हणाली, “माझी सतरंजी तर फुटली. अहो, जरा बघून.”

“विज्ञानाला किंमत मोजावी लागते,” मास्तर म्हणाले.

“मग विज्ञानाला सांगा दुसरी सतरंजी आणायला.”

पुढचा रविवार आला. मास्तरांनी कोट घातला. खिशात तीन पानांचं भाषण. महाराजांचा जाळ भडकला, जयजयकार झाला आणि तो ओसरायच्या आत मास्तर ओरडले, “बंधूभगिनींनो, हा चमत्कार मीही करून दाखवतो!”

महाराजांनी त्यांना रेघेच्या आत येऊ दिलं नाही. मास्तरांनाही ते हवंच होतं. लोकांमध्ये उभं राहून लोकांना दाखवायचं. पण रेघेच्या बाहेर सगळी माणसंच माणसं. म्हणून मास्तर गर्दीच्याही मागं, जिथं मोकळी जागा दिसली तिथं गेले. मोकळी म्हणजे माणसांनी मोकळी. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत होतं तिथं. फाल्गुनाचं ऊन आणि वारा. मास्तरांनी कुंड वापरलं नाही, कारण कुंड म्हणजे कर्मकांड. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पत्र्याची ताटली ठेवली, पूड टाकली, ग्लिसरीन ओतलं आणि भाषणाचं पहिलं पान काढलं.

जाळ झाला. अगदी महाराजांसारखा. दोघा-तिघांनी “आरं तिच्या” म्हटलं, आणि मास्तरांना वाटलं की क्रांती झाली. त्यांनी हात उंचावला. तेवढ्यात वाऱ्यानं वर्तमानपत्राचं जळतं टोक उचललं आणि चार हातांवरच्या गवतात नेऊन टाकलं.

चर्रर्र असा आवाज झाला. मास्तरांनी बूट आपटून विझवायचा प्रयत्न केला. आग बुटांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. माणसं सैरावैरा पळाली. एक जीभ शेडीकडं धावली, दुसरी वाऱ्याबरोबर उताराला लागली. उताराखाली बौद्ध वस्ती होती, आणि वस्तीच्या कडेला कडब्याच्या गंजी.

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी गंज म्हणजे काय, ते मास्तरांनाही ठाऊक होतं. ते जिवाच्या आकांतानं खाली धावले. वस्तीतल्या बाया आधीच निघाल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं सरजाबाई. पन्नाशीची, काटक, हातात भिजवलेलं गोणपाट. “वाऱ्याच्या तोंडाला जाऊ नगा! बाजूनं झोडपा, बाजूनं!” ती ओरडत होती. बाया लिंबाच्या डहाळ्यांनी आगीच्या कडा ठोकत होत्या. मास्तरांनी अंगातला कोट काढून झोडपायला घेतलं. कोटानं पेट घेतला.

“मास्तर, तुम्ही बाजूला व्हा!” सरजाबाई म्हणाली. “इझवायलाव का पेटवायलाव?”

सात गंजी वाचल्या. एक जळाली. ती सरजाबाईचीच होती.

वर माथ्यावर शेडीकडं गेलेली आग मात्र दगडांच्या ओळीजवळ येऊन विझली होती. महाराज दोन्ही हात वर करून उभे होते. “बघा! आईची नक्कल करायला गेला, आईनं कुणाला जाळलं अन् कुणाला राखलं!” ज्यांनी मघाशी “आरं तिच्या” म्हटलं होतं, ते सगळ्यात आधी आडवे पडले. त्या दिवशी नारळांचा ढीग शेडीच्या पत्र्याला टेकला.

मास्तर दोन दिवस शाळेतून मधल्या बोळानं घरी येत होते. त्यांनी आयुष्यभर अंधश्रद्धेवर जेवढी भाषणं दिली, त्यांतून जेवढे लोक सुधारले असतील, त्याच्या दसपट लोक त्यांनी एका दुपारी महाराजांच्या पायावर घातले होते. आणि हे कमी म्हणून की काय, त्यांना रात्रंदिवस एक प्रश्न छळत होता. पूड कळली, तीर्थ कळलं. पण आग रेघेपाशी थांबली कशी? ओळीजवळ विझलेली तिची काळी कड त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दगडांना काही लावतात की काय? तुरटी? मीठ? वहीची चार पानं भरली, उत्तर सापडलं नाही.

“सरजाबाईकडं गेलात का?” तारामतीनं विचारलं.

“जाणारच आहे. काय बोलायचं ते लिहून काढतोय.”

“माफी मागायची तर लिहायला काय लागतंय? जयभीम म्हणा, चुकलो म्हणा, कडबा टाका.”

मास्तरांनी लोह्याला भावाला निरोप धाडला. चौथ्या दिवशी भावानं टेम्पोभर कडबा पाठवला. तो उतरवून मास्तर सरजाबाईच्या अंगणात खाली मान घालून उभे राहिले.

“बसा,” ती म्हणाली. “मास्तर, तुम्हाला एवढं कळतंय, मग वाळल्या गवतात जाळ करू नये एवढं कळलं न्हाई व्हय?”

“नाही कळलं,” मास्तर म्हणाले. माफीनाम्यात हे वाक्य नव्हतं, पण त्यांनी नंतर कबूल केलं की सगळ्यात खरं तेवढंच होतं.

सरजाबाईनं चहा दिला. मास्तरांना राहवेना. “मावशी, एक विचारू? आग त्या रेघेपाशी थांबते कशी?”

वर्गात मास्तर ज्या नजरेनं पोरांकडं पाहत, त्याच नजरेनं सरजाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. “न थांबून काय करंल? तिथं जळायला हाय काय?”

“म्हणजे?”

“दगडाच्या भायेर पंधरा हात गवत मी कापते की. दर साली दिवाळीच्या आदी. महाराजच सांगतो, बाई, मुळापतोर खरवडून काढ, म्हशीला घेऊन जा. पुन्हा संक्रांतीला झाडून घ्यायला लावतो. मला काय, फुकटचं गवत.”

मास्तरांचा कप तसाच राहिला. पंधरा हात! हजारो माणसं दर रविवारी त्याच खरवडलेल्या पट्ट्यात दाटीवाटीनं उभी राहून दगडांकडं बघत होती. मास्तर स्वतः हाताची घडी घालून तिथंच उभे होते. उत्तर त्यांच्या बुटाखाली होतं आणि ते तुरटी आणि मीठ शोधत होते.

“अहो मावशी, तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“कोण इचारलं?” सरजाबाई म्हणाली. “तुम्ही तरी कवा इचारलात? तुम्ही आलात की सांगत सुटता.”

मग तिनं खुरपं आणि कुदळ घेतली. “चला, अजून दाखवते.”

जळालेल्या माळावर पाय टाकला की राख उडत होती. सरजाबाई एका काळ्या काटकीपाशी थांबली. बोटाएवढी जाड, वीतभर उंच. “हे काय हाय?”

“रोपटं होतं. जळालं बिचारं. वर्षाचं असेल.”

“खणा.”

मास्तरांनी खणायला घेतलं. हातभर गेलं तरी मूळ संपेना. आणि वर बोटाएवढी काटकी असलेल्या त्या झाडाचं खाली मूळ निघालं मांडीएवढं, गाठीगाठींचं. मास्तर कुदळ टेकून बघतच राहिले.

“पळस हाय,” सरजाबाई म्हणाली. “बहात्तरच्या दुष्काळात मी ह्याच माळाखाली खडी फोडाया होते. तवा हितं पळस, धावडा, खैर, टेंभुर्णी, सगळं होतं. त्या साली लोकांनी तोडून इकलं, पाला जनावराला घातला. काय करतील? पण बुडखे जित्ते होते. पाऊस पडला की फुटायचे. सावली गेली म्हणून मदी हे टोचरं गवत, ही कुसळी आली. कुसळी वाळली की कुणीतरी काडी लावायचं, हिरवं फुटतंय म्हणून. ह्या पळसानं दर साली डोकं वर काढलंय अन् दर साली जळालंय. तेरा सालं झाली. मेलेलं न्हाई अजून.”

“आणि कुसळी?”

“तिला काय होतंय? तिचं बी भोवऱ्यागत फिरत मातीत घुसतंय. वर जाळ, खाली बी खुशाल. आदी पवना गवत होतं, जनावर आवडीनं खायचं. ते जाळानं गेलं. ही ऱ्हायली. गवतामुळं आग, आगीमुळं गवत. दोघांचं साटंलोटं हाय मास्तर.”

मास्तरांनी विज्ञानात पदवी घेतली होती. झाड गेलं की उघड्यावर गवत वाढतं, वाळलेलं गवत आग वाढवतं, आग रोपं मारून आणखी गवताला जागा करते, उघड्या मातीवरचं पाणी टिकत नाही आणि वाहून जातं. हे सगळं वेगवेगळं त्यांना पाठ होतं. एकाच माळावर, एकाच मुळात ते सगळं जोडून त्यांना कधी दिसलं नव्हतं. आणि गाव ज्या माळाला पावसासाठी जाळत होतं, तोच जाळून आपल्या विहिरी कोरड्या करत होतं. शिवाय दिवाळीला कापलं असतं तर हजार पेंढ्यांचा चारा झाला असता. तो जाळून लोक औशाच्या बाजारात कडबा शोधत फिरत होते.

“आता मी भाषण—” मास्तरांनी सुरुवात केली.

“भाषण नगं,” सरजाबाई म्हणाली. “दगड हलवू.”

चावडीवर बैठक बसली. सरजाबाईनं सरळ मांडलं, “रेघ आईची असंल तर कुठंबी आग थांबवंल. उत्तरंकडचा माळ जळायचा ऱ्हायलाय. होळीला दगड उचलून तिथं उभ्या गवतात मांडू. त्याच्या पल्याड आम्ही बाया नुसतं गवत कापून पट्टा काढताव. दगड न्हाई, मंतर न्हाई. बघू आग कुठं निजती.”

“दगड हलवायचे न्हाईत!” महाराज कडाडले. “आई कोपंल!”

तेव्हा कोपऱ्यातून धोंडप्पाची म्हातारी आई, पार्वतम्मा, बोलली. तिच्यापुढं गावात कुणाचा आवाज चढत नसे. “दगड हलविलं तर कोपती, अन् दर साली तिच्या अंगावरचा माळ जाळताव तवा कामून कोपत न्हाई? धोंडप्पा, उचल दगड.”

धोंडप्पांनी महाराजांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि उठले.

तीन दिवस बाया पट्टा काढत होत्या. मास्तरही खुरपं घेऊन बसले. पहिल्या तासाला हाताला फोड आला, दुसऱ्या तासाला त्यांनी कापलेला भाग सरजाबाईनं पुन्हा कापला. दगड आणून उभ्या गवताच्या मधोमध मांडले. चारी बाजूंना पाण्याच्या घागरी, ओली गोणपाटं, लिंबाच्या डहाळ्या. होळीच्या दुपारी सगळं गाव जमलं. मास्तरांनी काडेपेटीला हात घालताच पार्वतम्मा ओरडली, “मास्तराच्या हातात काडी देऊ नगा गं बाई!” सगळा माळ हसला. मास्तरही हसले. त्यांना आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदाच ते लोकांच्या बरोबर हसत होते, लोकांना नाही.

काडी सरजाबाईनं लावली.

आग उठली, वाऱ्यावर वाकली, दगडांपाशी आली. दोनशे माणसांनी श्वास धरला. धोंडप्पांचे हात आपोआप जोडले गेले. आणि आग दगडांमधून, दगडांवरून, दगडांना काळं करत पलीकडं गेली. थांबलीसुद्धा नाही. पुढं पंधरा हात रुंदीच्या उघड्या मातीपाशी पोचली, इकडं तिकडं चाचपली आणि खायला काही नाही म्हणून विझली.

महाराजांनी घसा खाकरला. “आज… आज आईची तिथी न्हाई…”

“महाराज,” धोंडप्पा हळूच म्हणाले, “तिथी आईची चुकली, का तुमची?”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. चार वर्षं ते शपथा खात आले होते. ते एका काळ्या दगडावर बसले आणि किती तरी वेळ उठले नाहीत.

संध्याकाळच्या आत महाराज गाठोडं बांधत होते. मास्तर शेडीत गेले. काही टोचून बोलावं असं मनात होतं, पण जळका कोट आठवला. त्यांनी एवढंच विचारलं, “ही विद्या शिकलात कुठं?”

“किनवटच्या जंगलात,” महाराज गाठ मारत म्हणाले. “सागवानात जाळरेषा काढायच्या कामावर होतो, रोजंदारीनं. आगीच्या आडवं गवत साफ करायचं, म्हणजे जंगल वाचतंय. बारा सालं काढलो. मास्तर, तिथं दिसभर रेघ काढली तर कुणी पाणी इचारत नव्हतं. हितं तीच रेघ काढली, तर पाया पडायलेत.”

“मग हेच लोकांना शिकवलं असतं तर?”

“तुमचं ऐकतेत का लोक?” महाराजांनी विचारलं. महाराज शेवटच्या एसटीनं देगलूरकडं गेले.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, चावडीपुढं मास्तरांनी ते पळसाचं मूळ सगळ्यांपुढं ठेवलं. परमँगनेट आणि ग्लिसरीनही दाखवलं, या वेळी ओल्या वाळूच्या घमेल्यात. भाषणाची पानं कोटाबरोबर जळाली होती, म्हणून ते थोडक्यात बोलले.

“धुरानं ढग होत नाहीत. होत असते तर तीन वर्षांत पूर आला असता. पाणी लागतं, आणि पाणी धरून ठेवायला माती लागते, आणि माती धरून ठेवायला मुळं. ती या माळात अजून जिवंत आहेत. त्यांना फक्त दोन-तीन वर्षं जाळू नका. गवत दिवाळीआधी कापा, कडेनं पट्टे काढा. पट्टा कसा काढायचा ते सरजामावशी शिकवतील. मला विचारू नका, मला येत नाही.”

सगळं गाव त्या दिवशी शहाणं झालं नाही. दुसऱ्याच वर्षी दक्षिणेकडच्या माळाला कुणीतरी काडी लावली, आणि पाऊस न पडल्याचं खापर काहींनी सरजाबाईवर फोडलं. पण उत्तरेकडचा माळ बायांनी राखला. पुढच्या हंगामात तिथं एक शेंडा जळला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात पळस डोक्याबरोबर आले, कुसळीत कुठं कुठं पवना दिसू लागला, आणि वस्तीच्या विहिरीला आणखी दीड महिना पाणी पुरलं. दीडच महिना. पण तो कुणाच्या कृपेनं आला नव्हता. खुरप्यानं आला होता, आणि पुन्हा आणता येत होता.

म्हणून, बाबांनो आणि बायांनो, कुठं आग आपोआप विझली, कुठं पाणी पेटलं, कुठं दगड पावला असं कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी खाली वाकून जमीन बघा. तिथं आधी काय होतं, कुणी कापलं, कुणी झाडलं ते विचारा. ज्यानं ते काम केलं, त्याला विचारा. आणि तो सांगू लागला, की मास्तर असलात तरी गप्प बसून ऐका.